मेकाँगच्या कांठाकांठानें

परदेशीं जाण्याचे मार्ग दोन आहेत; एक आकाशांतून जाणारा व दुसरा जमिनीवरून जाणारा. पहिल्या मार्गानें जाणारा प्रवासी सकाळीं एका राजधानींत न्याहारी करतो आणि दुपारीं दुसऱ्या राजधानींत जेवावयास बसतो. परंतु या दोहोंच्या मध्यें जें कांहीं आहे तें सर्व त्याच्या दृष्टीस ढगांखालीं झांकलेलेंच राहतें. दुसऱ्या मार्गानें जाणारा पाठीवर एक पिशवी घेतो आणि आगगाडी, मोटार, होडी व आपले दोन पाय यांच्या साह्यानें पुढें सरकतो. त्यास वेळ अधिक लागतो व श्रमही अधिक होतात. पण एक देश संपून दुसरा देश कसा सुरू होतो, हें त्यास प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. या दुसऱ्या प्रकारच्या प्रवासांत शिकण्यासारखें काय असतें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एका उदाहरणानें सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं आम्हीं आग्नेय आशियांतील चार शेजारी देश निवडले आहेत: थायलंड, लाओस, कंबोडिया व व्हिएतनाम. विद्यार्थ्यांनीं आपला नकाशासंग्रह उघडून समोर ठेवावा. तिबेटच्या पठारावर उगम पावलेली मेकाँग नदी चार हजार किलोमीटरांहून अधिक वाट चालून दक्षिण समुद्रास मिळते. चीनमधून बाहेर पडल्यावर ती प्रथम ब्रह्मदेश व लाओस यांची, नंतर बऱ्याच अंतरापर्यंत लाओस व थायलंड यांची सरहद्द होते. पुढें कंबोडियांतून वाहत जाऊन व्हिएतनामांत तिचीं अनेक मुखें होतात. नकाशावर हे चार देश चार रंगांचे दिसतात. परंतु त्यांस एकत्र शिवणारा दोरा ही नदी होय. तो दोरा धरून आपण चालूं लागूं.

पिशवी व पूर्वतयारी

पहिला प्रश्न ओझ्याचा. घरून निघतांना जें जड वाटत नाहीं तें उष्ण कटिबंधांतील दुपारच्या उन्हांत दुप्पट होतें. पाठीवरील पिशवी आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून फार अधिक जड नसावी, असा ठोकताळा आम्ही सुचवितों. सुती कपड्यांचे दोन-तीन जोड, पावसाचें एक आवरण, औषधांची लहान डबी, विजेरी, आणि एक टिपणवही एवढें पुष्कळ झालें. एक पोशाख मात्र खांदे व गुडघे झांकणारा असलाच पाहिजे. कारण अनेक मंदिरांत त्यावांचून आंत जाऊं देत नाहींत.

दुसरा प्रश्न ऋतूचा. या प्रदेशांत साधारणपणें मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत नैर्ऋत्येकडील मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने कोरडे व त्यांतल्या त्यांत थंड. प्रवासास तेच सोयीचे. एप्रिलमध्यें उन्हाचा ताप असह्य होतो. त्या महिन्याच्या मध्यावर थायलंडांत नववर्षाचा सण येतो व लोक एकमेकांवर पाणी उडवितात. त्या सणाचें नांव 'सोंक्रान'; तें आपल्या 'संक्रांति' या शब्दाचेंच रूप होय.

तिसरा प्रश्न प्रकृतीचा. डेंग्यूचा डांस दिवसां चावतो व हिवतापाचा डांस अंधार पडल्यावर. म्हणून केवळ रात्रींपुरती मच्छरदाणी लावून भागत नाहीं. आंरी मूओ हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ १८६० सालीं अंगकोरच्या मंदिरांत फिरला व पुढें लाओसच्या रानांत शिरला. १८६१ च्या नोव्हेंबरांत लुआंग प्राबांगजवळ तापानें त्याचा अंत झाला. तेव्हां त्याचें वय अवघें पस्तीस होतें. नाम खान नदीच्या कांठीं त्याचें थडगें आहे. आज औषधें आहेत. परंतु तीं वैद्याच्या सल्ल्यानें आधींच घेतलीं पाहिजेत.

शेवटचा प्रश्न कागदपत्रांचा. पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, म्हणून ते ज्या त्या देशाच्या वकिलातीकडून निघण्यापूर्वीं ताजे विचारून घ्यावेत. थायलंडांत बाथ, लाओसांत कीप, कंबोडियांत रिएल व व्हिएतनामांत डाँग हें नाणें चालतें.

पूल ओलांडतांना

बँकॉकहून निघालेली आगगाडी रात्रभर ईशान्येकडे धांवून सकाळीं नाँग खाई येथें पोंचते. येथें मेकाँगचें पहिलें दर्शन होतें. १९९४ सालीं ऑस्ट्रेलियाच्या द्रव्यसाहाय्यानें नदीवर मैत्रीपूल बांधला गेला. अलीकडच्या तीरावर थायलंडच्या अधिकाऱ्यानें बाहेर पडल्याचा शिक्का मारावयाचा व पलीकडच्या तीरावर लाओसच्या अधिकाऱ्यानें आंत आल्याचा. या दोन शिक्क्यांच्या मध्यें जो थोडासा वेळ जातो त्यांत एक मौज घडते. थायलंडांत गाड्या आपल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात व लाओसांत उजव्या. म्हणून पूल संपल्यावर सर्व वाहनांस बाजू बदलावी लागते.

हा फरक कोठून आला? याचें उत्तर इतिहासांत आहे. १८९३ सालीं फ्रेंचांनीं सयामच्या राजाकडून मेकाँगच्या पूर्वतीरावरचा मुलूख तहानें घेतला. सयाम म्हणजे आजचें थायलंड हें स्वतंत्रच राहिलें. लाओस, कंबोडिया व व्हिएतनाम हीं फ्रेंच अमलाखालीं गेलीं. त्या अमलाबरोबर उजव्या बाजूची रहदारी आली आणि लांबट फ्रेंच पावही आला. तो व्हिएनतिआनच्या बाजारांत अद्याप विकला जातो. तत्पूर्वीं ही नदी सरहद्द नव्हतीच. तो एक हमरस्ता होता व त्याच्या दोन्ही बाजूंस एकाच भाषेचे लोक राहत होते. आजही लाओ बोलणारे लोक खुद्द लाओसपेक्षां थायलंडच्या ईशान्य भागांत अधिक आहेत! दोन्ही तीरांवर तोच चिकट भात वेळूच्या करंडींत वाफवतात व हातानें गोळा करून खातात. विमानानें जाणाऱ्यास ही गोष्ट पुस्तकांतून शिकावी लागते. पूल ओलांडणाऱ्यास ती जेवतांना कळते.

शब्दही असेच सरहद्द ओलांडून जातात. थाई, लाओ व ख्मेर या तिन्ही लिपींचें मूळ दक्षिण भारतांतील पल्लव लिपींत आहे. 'नगर' याचें थाई रूप 'नाखोन', 'भाषा' याचें 'फासा', 'प्रदेश' याचें 'प्रथेत'. कंबोडियाच्या सरहद्दीवरील एका थाई गांवाचें नांव 'अरण्यप्रथेत' असें आहे. त्याचा अर्थ आमच्या वाचकांस कोशावांचून लागेल.

भूमि जें विसरली नाहीं

व्हिएनतिआनहून लुआंग प्राबांगला जावयास पूर्वीं डोंगरांतून सबंध दिवस लागे. डिसेंबर २०२१ मध्यें चीनपर्यंतचा लोहमार्ग खुला झाल्यापासून तें अंतर सुमारें दोन तासांचें झालें आहे. लुआंग प्राबांग हें जुनें राजनगर १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादींत आहे. तेथें पहाटे बौद्ध भिक्षु रांगेनें भिक्षेस निघतात आणि घराघरांतील बाया गुडघे टेकून त्यांच्या पात्रांत मूठमूठ भात घालतात. कांहीं प्रवासी छायाचित्रासाठीं या भिक्षूंच्या तोंडाशीं जाऊन दिवा चमकवितात. दुसऱ्याच्या घरांत जेवण चाललें असतां आपण पंगतींत उभे राहून चित्रें काढतों काय? दूर उभें राहून शांतपणें पाहावें, एवढीच रीति.

येथून पूर्वेस शिएंग ख्वांग प्रांतांत 'रांजणांचें पठार' आहे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या सुमाराचे शेंकडों दगडी रांजण माळावर पडलेले आहेत. त्यांतील कांहींत माणूस उभा राहील. मादलेन कोलानी या फ्रेंच विदुषीनें १९३० नंतरच्या दशकांत त्यांचा अभ्यास करून ते मृतांच्या संस्काराशीं संबद्ध असल्याचें दाखविलें. २०१९ सालीं हें स्थळही जागतिक वारसा ठरलें. परंतु येथें प्रवाशास रांजणांच्या आधीं जमिनीकडे पाहावें लागतें. जमिनींत खुणेच्या विटा पुरलेल्या आहेत. खुणेच्या पांढऱ्या बाजूनें चालावें, दुसऱ्या बाजूस पाऊल टाकूं नये, असा तेथील नियम आहे.

कारण असें. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत, शेजारच्या व्हिएतनामांत युद्ध चाललें असतां, अमेरिकन विमानांनीं लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांत चेंडूएवढे लहान बाँब सुमारें २७ कोटी होते व त्यांतील सुमारें ८ कोटी फुटलेच नाहींत. ते भातशेतांत, बांबूच्या बेटांत व शाळेच्या वाटेवर राहिले. युद्ध संपल्यानंतरही या भूमींत सुमारें वीस हजार माणसें मेलीं किंवा जायबंदी झालीं. त्यांत मुलांचा भरणा मोठा. कारण चेंडूसारखी वस्तु दिसली म्हणजे मूल ती उचलणारच. म्हणून तेथील प्राथमिक शाळांतून मुळाक्षरांबरोबर हाही धडा देतात कीं, ओळखीची नसलेली धातूची वस्तु हातीं धरूं नये, व ती दिसल्यास वडील माणसांस सांगावें. नापिया नांवाच्या खेड्यांतले लोक विमानांचें व बाँबचें ॲल्युमिनियम वितळवून चमचे करतात. बाँबचा चमचा करणारीं माणसें हीं. त्यांच्या उद्योगास नमस्कार करावा आणि पायवाट सोडूं नये.

धबधबा, तळें व मंदिर

दक्षिणेकडे जातां जातां मेकाँग फार रुंद होते व तिच्या पात्रांत असंख्य बेटें दिसूं लागतात. या भागास 'सी फान दोन' म्हणजे चार हजार बेटें असें नांव आहे. १८६६ सालीं दूदार द लाग्रे व फ्रान्सिस गार्निए यांच्या नेतृत्वाखालीं एक फ्रेंच तुकडी सायगांवहून या नदीनें वर निघाली. नदीमार्गानें चीनचा व्यापार हातीं येईल अशी त्यांची आशा होती. खोन येथील सुमारें दहा किलोमीटर रुंद धबधब्यानें ती आशा फोल ठरविली. लाग्रे १८६८ सालीं युनानांत मरण पावला. पुढें फ्रेंचांनीं बेटांवर लहानशी आगगाडी घालून धबधबा टाळण्याचा खटाटोप केला. तिचे गंजलेले अवशेष आज प्रवासी पाहतात.

धबधब्याच्या खालीं कंबोडिया लागतो. राजधानी फ्नोम पेन्ह जेथें वसली आहे तेथें पाण्याच्या चार वाटा एकत्र येतात, म्हणून त्या संगमास 'चाक्तोमुक' म्हणजे चतुर्मुख म्हणतात. त्यांतली एक वाट तोन्ले साप नदीची; तिची रीति जगावेगळी आहे. कोरड्या ऋतूंत ती तोन्ले साप तळ्यांतून मेकाँगकडे वाहते. परंतु पावसाळ्यांत मेकाँगला पूर आला म्हणजे पाणी उलटें फिरतें व नदी तळ्याकडे वाहूं लागते! तेव्हां तळें पांच-सहा पटींनीं पसरतें, भोंवतालचीं रानें पाण्याखालीं जातात व त्यांत मासे वाढतात. पाणी ओसरूं लागलें म्हणजे कंबोडियन लोक होड्यांच्या शर्यतींनीं जलोत्सव करतात. या तळ्याचे मासे हेंच तेथील गरिबांचें मुख्य पौष्टिक अन्न. २०१९ व २०२० सालीं पाणी उलटण्यास फार उशीर झाला. कमी पाऊस आणि नदीवर वरच्या अंगास बांधलेलीं धरणें हीं त्याचीं कारणें सांगतात. वरच्या देशानें दार लावलें तर खालच्या देशांतील ताटावर त्याचा परिणाम होतो, हा भूगोलाचा धडा येथें शिकावा.

तळ्याच्या उत्तरेस अंगकोर. बाराव्या शतकांत दुसऱ्या सूर्यवर्मन् राजानें बांधलेलें अंगकोर वाट हें मंदिर मूळचें विष्णूचें. त्याच्या पूर्वेकडील ओवरींत समुद्रमंथनाचें शिल्प सुमारें ४९ मीटर लांब कोरलेलें आहे. दुसरीकडे कुरुक्षेत्राचें युद्ध व लंकेचें युद्ध आहे. आपल्याकडील मुलास तें चित्र ओळखण्यास मार्गदर्शक लागणार नाहीं. १९८६ ते १९९३ पर्यंत भारतीय पुरातत्त्व खात्यानें या मंदिराच्या जतनाचें काम केलें. तथापि 'हें आमचेंच' असें म्हणून मोकळें होऊं नये. दगड वाहणारे, तळीं खणणारे व कोरणारे हात ख्मेर लोकांचे होते. आणि मूओच्या आधींही तेथें भिक्षु राहत होतेच, तें 'हरवलेलें' कधींच नव्हतें.

एक शाळा

फ्नोम पेन्ह येथें तुओल स्लेंग नांवाचें स्थळ आहे. तें लहान मुलांस दाखवूं नये. परंतु वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं त्याविषयीं जाणलें पाहिजे असें आमचें मत आहे. ती एक माध्यमिक शाळा होती. १९७५ च्या एप्रिलांत ख्मेर रूज नांवाच्या पक्षानें सत्ता घेतली, शहरें रिकामीं करविलीं, नाणें बंद केलें, शाळा बंद केल्या. या शाळेच्या वर्गांत विटांच्या कोठड्या बांधून तिचा तुरुंग केला. बारा हजारांहून अधिक कैदी तेथें आणले गेले. वांचले ते फारच थोडे. १९७९ च्या जानेवारींत ही राजवट कोसळेपर्यंत देशांत सुमारें सतरा लाख माणसें उपासमारीनें, रोगानें व हत्येनें मेलीं. या तुरुंगाचा मुख्य अधिकारी काइंग गेक इआव, ज्यास 'दुच' म्हणत, हा पूर्वीं गणिताचा शिक्षक होता. २०१० सालीं न्यायालयानें त्यास दोषी ठरविलें. २०१२ सालीं जन्मठेप झाली. विद्येनें माणूस आपोआप चांगला होतो असें समजणाऱ्या आम्हां शिक्षकांस या वाक्यापाशीं थांबावें लागतें. फळा, बांकें व तासाची घंटा यांनीं शाळा होत नाहीं. मुलांस माणूस म्हणून पाहणारा कोणीतरी तेथें असला तरच ती शाळा.

याच देशांत सुरुंग हुडकून काढण्याचें काम अद्याप चालूं आहे. त्यांत मगावा नांवाच्या आफ्रिकन उंदरानें शंभरांहून अधिक सुरुंग व स्फोटकें शोधलीं व २०२० सालीं त्यास शौर्याचें सुवर्णपदक मिळालें. उंदीर हलका असल्यामुळें सुरुंग त्याच्या पायानें फुटत नाहीं, आणि दारूचा वास त्यास बरोबर येतो.

नदीचीं मुखें

फ्नोम पेन्हहून होडीनें निघालेला प्रवासी नदीवरच दोन शिक्के घेऊन व्हिएतनामांतील चाऊ डॉक येथें उतरतो. येथें नदीचें नांव बदलतें. तिला 'कू लाँग' म्हणजे नऊ ड्रॅगन म्हणतात. येथील लिपि पाहून प्रवासी चकित होतो. ती रोमन आहे. सतराव्या शतकांत आलेल्या पोर्तुगीज व इतर जेझुइट पाद्र्यांनीं व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत लिहिण्यास आरंभ केला, व आलेक्सांद्र द रोद यानें तिचा कोश १६५१ सालीं रोम येथें छापविला. या भाषेंत स्वर चढविला-उतरविला कीं अर्थ बदलतो. एकाच 'मा' या ध्वनीचे सहा सुरांत सहा अर्थ होतात: भूत, आई, परंतु, थडगें, घोडा आणि भाताचें रोप. म्हणून तेथें बोलण्यापूर्वीं ऐकावयास शिकावें लागतें. या सुपीक त्रिभुजप्रदेशांत २०१६ व २०२० सालीं समुद्राचें खारें पाणी फार आंतपर्यंत शिरलें व भातशेती करपली. नदीचें गोडें पाणी कमी झालें म्हणजे समुद्र पुढें सरकतो.

सरहद्दीविषयीं

आमच्या मार्गांत एक सरहद्द आम्हीं मुद्दाम टाळली. ती थायलंड व कंबोडिया यांची. दांग्रेक डोंगराच्या कड्यावर प्रेआ विहेअर नांवाचें प्राचीन शिवमंदिर आहे. तें कोणाचें या वादांत आंतरराष्ट्रीय न्यायालयानें १९६२ सालीं कंबोडियाच्या बाजूनें निर्णय दिला. तरी भोंवतालच्या सरहद्दीचा वाद मिटला नाहीं. २०२५ च्या जुलैंत दोन्ही देशांत पांच दिवस लढाई झाली व त्याच वर्षीं डिसेंबरांत पुन्हां भडकली. सरहद्दीवरील लक्षावधि माणसांस घरें सोडावीं लागलीं. नाकीं तर जूनपासूनच बंद होऊं लागलीं होतीं. ज्या अरण्यप्रथेतच्या नाक्यावरून पाठीवर पिशवी घेतलेले हजारों तरुण अंगकोरला जात, तो रस्ता अडला. प्रवाशाचें काय, तो दुसऱ्या वाटेनें जाईल. परंतु रोज पलीकडच्या बाजारांत भाजी विकणाऱ्या बाईस दुसरी वाट नसते.

याच्या उलट उदाहरणही याच नदीनें दिलें आहे. १९९५ च्या एप्रिलांत थायलंड, लाओस, कंबोडिया व व्हिएतनाम या चौघांनीं एकत्र बसून मेकाँग नदी आयोग स्थापन केला. त्याच्या हातीं सक्ति नाहीं, वरचा चीन त्यांत सभासद नाहीं, आणि धरणांविषयींचे तंटे सर्व मिटले असेंही नाहीं. तथापि पुराची सूचना खालच्या देशास वेळेवर मिळते; एकमेकांशीं लढलेल्या देशांस हें थोडें नव्हे.

पालकांस एक विनंति आहे. असा प्रवास शाळेंतील मुलानें एकट्यानें करावयाचा नाहीं. तो वयांत आल्यावर, सोबतीनें व तयारीनें करावयाचा आहे. परंतु त्याची संवय आजपासून लावतां येते. सुटींत मुलांस शेजारच्या तालुक्यांत न्यावें, त्यांचें ओझें त्यांच्याच पाठीवर द्यावें, वाटेंतील माणसांशीं बोलूं द्यावें, आणि घरीं आल्यावर काय पाहिलें तें लिहवून घ्यावें. विद्यार्थ्यांनींही ज्या गांवीं जावयाचें तेथील निदान दहा शब्द आधीं शिकावेत. त्यांत 'आभारी आहें' हा एक असावा. आणि निघण्यापूर्वीं नाकें उघडें आहे कीं नाहीं याची चौकशी करावी. कारण जें नाकें उघडें असतें तें दोन्ही बाजूंच्या माणसांनीं रोज उघडें ठेवलेलें असतें.